कापूस गेला, आपण गेलो. वापस काय आलं?



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दोन यंत्रणा जोडून देणं हे माझं रोजचं काम. देवाणघेवाण एकाच बाजूने होत राहिली, तर त्याला आम्ही बिघाड म्हणतो. शहर आणि खेड्यातला असा बिघाड मला माझ्या दादाने दाखवला.

मी इंजिनिअरिंगला गेले, त्या वर्षी दादाने शिक्षण सोडून शेती धरली. माझी फी पराटीच्या पैशांतून भरली गेली. गेल्या दिवाळीत तो सहज म्हणाला, "कापूस गेला, तू बी गेली. वापस काय आलं?" मी दरमहा पैसे पाठवते, हे ओठांवर आलं होतं. बोलवलं नाही.

५ ऑक्टोबर १९४५ रोजी गांधीजींनी नेहरूंना खेड्यांबद्दल पत्र लिहिलं. त्यांच्या खेड्यात रेल्वे, टपाल, तार यांनाही जागा होती. समाजवादी नेहरूंना ते चित्र पटलं नाही. विषमता दोघांनाही नको होती, वाटा वेगळ्या होत्या. इकडे वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा सांगत होते की, माल पिकतो तिथेच त्यावर प्रक्रिया झाली, तर मजुरी गावात राहते. आणि निसर्गाकडून घेतलेलं त्याला परत दिलं, तरच ही व्यवस्था टिकते.

हे निव्वळ पुस्तकी नव्हतं. आपल्या लहानपणी कस्तुरबा रुग्णालयाच्या विम्यासाठी गावोगावची कुटुंबं ज्वारी देत. ऐपतीप्रमाणे द्यायचं, गरजेप्रमाणे उपचार घ्यायचे. तिथे कोणी दाता नव्हता की कोणी याचक नव्हता.

आज आपण शाळेला संगणक कक्ष देण्याचं ठरवतो आहोत. जरूर देऊ. पण गावात कामच नसेल, तर त्या खोलीतून पोरं थेट पुण्याची गाडी पकडतील, मी पकडली तशी. म्हणून माझी विनंती आहे : पैशांसोबत थोडं काम इकडे आणू या. दादा आणि त्याचे शेजारी कापूस एकत्र जिनिंगला नेतात. सरकी, रुई, भाव यांचा त्यांचा हिशेब वहीत असतो. तो संगणकावर ठेवण्याचं काम शाळेतून शिकून गेलेल्या दोन मुलींना मोबदल्यासह द्यावं, असं मला वाटतं. शिकवायला मी मे महिन्यात येऊन राहते आहे. सुट्टी मंजूर झाली आहे.

हे जमेलच असं नाही. दादाला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी सोबत येणार असेल, तर जेवणानंतर मला भेटा.