पाठीवरची पिशवी आणि आपला मुलूख

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



दक्षिण अमेरिकेतील पेरू हा देश आपल्याला भूगोलाच्या तासाला भेटतो. जगभरातील तरुण पाठीवर पिशवी टाकून तेथे जातात. कुस्को शहरात इंका राजांच्या काळच्या दगडी भिंती पाहतात आणि अँडीज पर्वतातील पाऊलवाटेने चार दिवस चालून माचू पिचूला पोहोचतात. हे मी नववीच्या वर्गात सांगत होतो. एका मुलाने विचारले, "सर, असे आपल्याकडे काही आहे काय?" मी उलट विचारले, "भामरागड कोणी पाहिले आहे?" एकही हात वर झाला नाही. हैदराबाद किती जणांनी पाहिले, असे विचारताच निम्मा वर्ग उभा राहिला.

त्या प्रश्नातून आमची सहल निघाली. गेल्या डिसेंबरात चौदा मुले आणि आम्ही दोन शिक्षक एसटीने व पायी पाच दिवस फिरलो. प्रत्येकाच्या पाठीवर एकच पिशवी. तिच्यात दोन जोड कपडे, चादर, ताटली, पाण्याची बाटली, विजेरी, डासांचे मलम, जानमाज आणि एक कोरी वही. स्वतःचे ओझे स्वतः उचलायचे, हा पहिला नियम.

पहिला दिवस चंद्रपुरातच घालवला. जटपुरा दरवाजाखालून आपण रोज जातो, पण मान वर करून कितीजण पाहतात? गोंड राजांचा हा परकोट, त्याचे जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे दरवाजे, राणी हिराईने पती बीरशहासाठी बांधलेली समाधी, हे सारे मुलांनी पायी फिरून पाहिले व वहीत नकाशा काढला. तुरुंगाशी थांबलो, तेव्हा 21 ऑक्टोबर 1858 रोजी इंग्रजांनी वीर बाबुराव शेडमाके यांना याच गावात फाशी दिले, हे सांगितले. रोजच्या रस्त्यावरची ही जागा. ऐकल्यावर मुले काही वेळ बोलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बल्लारपूरचा वर्धेकाठचा किल्ला पाहून आम्ही पूर्वेची वाट धरली. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली. तेथून खाली चपराळ्याजवळ वर्धा तिला मिळते आणि पुढे दोघींची प्राणहिता होते. परीक्षेसाठी पाठ केलेले हे वाक्य मुलांना त्या दिवशी प्रथमच खरे वाटले. आलापल्लीला सागवानाचे आभाळाला टेकलेले बुंधे पाहिले. तेथील राखून ठेवलेल्या जुन्या वनाला 2014 साली राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली.

आलापल्लीपासून भामरागडपर्यंत डोंगर आणि जंगल. अलीकडे हेमलकसा लागते. तेथे 1973 साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढविला. तेथील दवाखाना व आश्रमशाळा पाहून आम्ही पुढे पायी भामरागडला गेलो. पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या तेथे इंद्रावतीला मिळतात. पलीकडचा मुलूख छत्तीसगडचा. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पाण्याखाली जाऊन वर्षानुवर्षे हे गाव जगापासून तुटत आले आहे.

नदीकाठी जोहरची वेळ झाली. एक वृद्ध माडिया गृहस्थ शेळ्या चारीत होते. मुले रांगेत उभी राहताच त्यांनी काही न विचारता शेळ्या बाजूला हाकल्या. नमाज संपल्यावर जवळ येऊन बसले. त्यांची बोली आम्हांला येत नव्हती, आमची मराठी त्यांना थोडी समजत होती. मुलांनी "जोहार" म्हटले, तेव्हा ते मनापासून हसले. माडिया माणसाविषयी आपल्या घरांत जे काही बोलले जाते, ते त्या चौदा मुलांपैकी आता कोणी बोलणार नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुमच्यापर्यंत पोहोचलेली आहेच. त्या दिवशी संगमावर आम्ही फार रेंगाळलो आणि आलापल्लीकडे परतण्याची शेवटची गाडी चुकली. दोष सर्वस्वी माझा. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी वर्ग उघडून दिला, भात आणि वरण मिळाले, मुले सुखरूप झोपली. परंतु मोबाईल लागत नव्हता आणि सकाळी नऊ वाजेपर्यंत चौदा घरांत काय चालले असेल, हे मी स्वतः बाप असल्यामुळे जाणतो. परत आल्यावर एक माता मला म्हणाल्या, "सर, मुलगा घरी आला म्हणून बोलत नाही. नाहीतर बोलले असते." त्या शब्दांना माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही.

मात्र पाचव्या दिवशी चामोर्शीजवळ मार्कंड्याच्या देवळांचे कोरीवकाम पाहून घरी येताना मुले बदललेली होती. वैनगंगा तेथे वळून उत्तरेकडे वाहते. आम्ही पूजेला नव्हे, इतिहासाला गेलो होतो. ज्या मुलाला घरी पाणीसुद्धा हातात लागत होते, तो सोळा ताटल्या धूत होता.

पालकहो, प्रवास आपल्या धर्माला परका नाही. मुसाफिराला नमाजेत कसरची सवलत आहे, रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे आणि जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते त्यांत वाटसरूही आहे. ज्याला सवलती दिल्या, त्याने निघावे हे गृहीतच आहे. इब्न बतूता 1325 साली टँजियरहून हजसाठी निघाला तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. तोच पुढे आपल्या महाराष्ट्रातील दौलताबादेपर्यंत आला.

आता विनंती. यंदाच्या सहलीसाठी सतरा मुलींनी नावे दिली आहेत. संमतीपत्रे आली फक्त चार. तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. या जंगलात वाघ आहेत, हिवतापाचे डास आहेत, आणि चार दशके नक्षलवादी हिंसाचाराने हा भाग होरपळला. तो आता पुष्कळ ओसरला असला, तरी सावधगिरी सोडता येत नाही. म्हणून यंदा आडवाटेने जंगलात शिरणे नाही, पायी चालणे ते दिवसा व वाहत्या रस्त्यावर. मच्छरदाण्या बरोबर असतील. पोलिसांना मार्ग आधी कळविला जाईल. परतीची दुपारचीच गाडी धरायची. दर मुक्कामाहून रात्री आठच्या आत फोन येईल, आणि जेथून फोन लागत नाही तेथे मुक्काम करायचा नाही. दोन शिक्षिका बरोबर येण्यास तयार आहेत. जेवण साधे, भात, वरण आणि भाजी, म्हणजे हलालचा प्रश्नच नाही. आणि मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. तेव्हा खर्चाचे कारण तर मुलींच्या बाबतीत मुळीच सांगता येणार नाही!

आपल्या घरांतील आज्या हजला जाऊन आल्या आहेत. लाखोंच्या गर्दीत, परक्या भाषेत, आपली पिशवी सांभाळीत त्या सुखरूप परतल्या. त्यांच्या नातीला आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात पाच दिवस जाऊ द्यायला आपण इतके का कचरतो, याचा घरी बसून विचार व्हावा. उद्या हीच मुलगी परिचारिका, शिक्षिका किंवा तलाठी होऊन एटापल्लीला किंवा सिरोंच्याला नेमणुकीवर जाईल. त्या दिवशी तिला रस्ता ओळखीचा वाटावा, की घाबरून तिने नोकरी सोडावी?

तेरा संमतीपत्रे अजून यावयाची आहेत. ती कार्यालयात नव्हे, माझ्या हाती आणून द्यावीत. मनात जे प्रश्न असतील ते त्याच वेळी विचारावेत. ज्या मातेने मला मागच्या वर्षी बोल लावला, त्यांच्या मुलीचेही नाव यादीत आहे. त्यांचे म्हणणे मी सर्वांत आधी ऐकेन.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र!