मोडण्याआधी मोजा

नव्या नौका-अभियंत्यांनो,

तुमचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं जरा जास्त, फी त्यांनी भरली आहे. आता मी जहाजांविषयी बोलतो. गोदीत हयात गेलेल्या माणसाला दुसरं काही येत नाही.

'डुग्वे-त्रुएँ' हे फ्रेंचांचं ७४ तोफांचं जहाज १८०० साली रोशफोरला पाण्यात उतरलं. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईतून ते निसटलं खरं, पण दोन आठवड्यांनी केप ऑर्तेगालपाशी ब्रिटिशांच्या हाती लागलं. कॅप्टन तुफे लढताना पडला. ब्रिटिशांनी जहाजाचं बारसं केलं 'इम्प्लॅकेबल', आणि १८०८ मध्ये तेच जहाज बाल्टिकमध्ये रशियन जहाजावर तोफा डागत होतं! पकडलेलं जहाज गोदीत घ्यायचं आणि त्याच्या सांगाड्याची मापं कागदावर उतरवायची, ही ब्रिटिश आरमाराची शिस्त. शत्रूकडून शिकायला त्यांना लाज वाटत नसे.

पुढे पोरांना दर्यावर्दीपण शिकवायला हे 'इम्प्लॅकेबल' पोर्ट्समथला नांगरून असे. शेजारी कोण, तर मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेली, १८१७ ची आपली 'त्रिंकोमाली'. ती हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. 'इम्प्लॅकेबल'चं नशीब फिरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणाले, आणि २ डिसेंबर १९४९ ला आयल ऑफ वाइटजवळ, फ्रान्स-ब्रिटन दोघांचे झेंडे लावून, खाली सुरुंग उडवले. तळ फुटला, तरी जहाज बुडेना. तासन्‌तास बुडेना! आधी उतरवलेली पिछाडी ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे.

"पैसे नाहीत" हे मीही नोकरीभर ऐकलं. आपली जुनी विमानवाहू 'विक्रांत'सुद्धा २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात मोडायला गेलीच. सगळंच वाचवता येत नाही, कबूल. पण मोजायला किती पैसे लागतात हो? एका गोदीत, नाव घेत नाही, जुन्या टगची ट्रेसिंग कापडावरची ड्रॉइंगं साहेबांनी 'जागा अडते' म्हणून काढून टाकली. ते कापड गरम पाण्यात घातलं की खळ निघते आणि छान मऊ सुती फडकं उरतं. मशीन शॉपमध्ये फिटर त्याला हात पुसत होते. एका फडक्यावर रडरच्या मापांची शाई अजून दिसत होती. पुढच्याच वर्षी त्या टगचं रडर बदलायचं निघालं. मग पाणबुडे उतरवून मापं घेतली आणि त्यांचं बिल त्याच साहेबांनी निमूट पास केलं.

म्हणून पुन्हापुन्हा सांगतो, मापं घेतल्याशिवाय एकही जहाज मोडू देऊ नका. वरिष्ठ हसतील, हसू द्या. तुमच्यापैकी जे गोदीत लागतील त्यांनी पहिल्याच महिन्यात ड्रॉइंग ऑफिसातली कपाटं उघडून बघा. किल्ली साहेबांकडे नसते, शिपायाला विचारा.