गाडी गटाची, मग माहितीही गटाची



आज मी तुमच्याशी गाडीच्या टायरबद्दल आणि फ्यूजबद्दल बोलणार आहे. हसू नका. दोन वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं की तू रेडिओवर टायरवर बोलशील, तर मीही हसले असते. पण आता गावोगावच्या गटांकडे गाड्या आल्या आहेत. कुणी आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजनेतून प्रवासी गाडी घेतली, कुणी गटाच्या कर्जातून जुनी गाडी घेतली, कुणाच्या घरी मुलाने घेतली. कागदावर नाव आपलं, हप्ता आपला आणि गाडीत बसणाऱ्याही आपणच. मग तिची माहिती तेवढी ड्रायव्हरकडे का असावी?

आमच्या गटाने अकोल्यात एक जुनी सात माणसांची व्हॅन घेतली. आठवडी बाजाराला, बँकेच्या कामाला, प्रदर्शनाला माल न्यायला ती वापरतो. आमच्या वहीत त्या वर्षीच्या दोन नोंदी आहेत. एक, ‘टायर फुटला, दवाखाना व टायर खर्च.’ दुसरी, ‘वायरिंग काम, रुपये २,८००.’ या दोन नोंदींनी आम्हाला जे शिकवलं, तेच आज सांगते.

पहिली नोंद टायरची. मे महिन्यातली भर दुपार, गाडीत आम्ही सात जणी आणि मागे मसाल्याची आणि तांदळाची पोती. मागचा डावा टायर धाडकन फुटला. गाडी रस्त्याच्या कडेला घसरली आणि एका बांधाला टेकून थांबली. आमच्या एका काकूंच्या मनगटाचं हाड मोडलं, बाकीच्या खरचटण्यावर वाचल्या. सगळ्या म्हणत होत्या, “अहो, टायर तर नवे दिसत होते!” दिसत होतेच. विकणाऱ्याने पॉलिश मारून काळेभोर केले होते. टायर बदलताना पंक्चरच्या दुकानातल्या काकांनी मला जवळ बोलावलं आणि टायरच्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले, “ताई, हे वाचलं असतं तर गाडी घेतानाच कळलं असतं.”

तिथे लहानशा चौकटीत चार आकडे होते. ३५१३. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे तो टायर २०१३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला होता. आम्ही गाडी घेतली २०२१ मध्ये. आठ वर्षांचं ते रबर आतून वाळून गेलं होतं. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. उन्हाने आणि हवेने ते कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. म्हणून टायरला पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यायचा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली दिसो, तो काढून टाकायचा. हे चार आकडे कधी कधी टायरच्या आतल्या बाजूला असतात. मग मोबाइलची बॅटरी लावून वाकून बघावं लागतं. बघा. नवीन टायर घेतानाही बघा, कारण दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायरही ‘नवा’ म्हणूनच विकला जातो.

आता टायरवरचे मोठे आकडे. आमच्या गाडीवर लिहिलं आहे, १५५/८० आर १३ आणि त्यापुढे ७९ टी. एकेक घेऊ. १५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. साधारण सहा इंच. ८० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. १५५ चे ऐंशी टक्के १२४, म्हणजे रिंगपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची १२४ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतले धागे कसे घातले आहेत त्याची ती खूण. १३ म्हणजे आतल्या लोखंडी रिंगचा व्यास, इंचात. टायर घ्यायला गेलात आणि दुकानदार म्हणाला, “ताई, हा नाही, पण याच्या जवळचा देतो,” तर हे आकडे मिळवून बघा. रिंगचा आकडा जुळला नाही तर टायर बसणारच नाही. बाकीचे आकडे बदलायचे असतील तर गाडीच्या पुस्तकात परवानगी असलेला मापच घ्यायचा.

शेवटचा आकडा ७९, आणि आपल्यासाठी हाच सगळ्यांत कामाचा. हा वजनाचा आकडा आहे. पण ७९ म्हणजे ७९ किलो नव्हे. त्याचा एक ठरलेला तक्ता असतो. त्यात ७९ म्हणजे ४३७ किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो. एवढं वजन एक टायर पेलतो, आणि तेही हवा बरोबर असेल तर. टी हे अक्षर वेगाचं. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. आपल्या रस्त्यांवर त्याची काळजी नको, वजनाची करा.

त्या दिवशीचा हिशेब आम्ही नंतर मासिक बैठकीत फळ्यावर मांडला. गाडीचं स्वतःचं वजन साडेनऊशे किलो धरलं. ड्रायव्हर धरून आठ माणसं, सरासरी साठ किलोची, म्हणजे ४८०. पोती तीनशे किलो. झाले १,७३०. चार टायर मिळून पेलणार १,७४८. म्हणजे कागदावर आम्ही बसलो! पण वजन चारही टायरवर सारखं कुठे असतं? पोती सगळी मागे आणि माणसंही बहुतेक मागेच. मागच्या दोन टायरांची ताकद ८७४ किलो, आणि त्यांच्यावर नक्कीच हजाराच्या पुढे भार गेला होता. त्यात सातांच्या गाडीत आठवं माणूस, हवा कमी, टायर आठ वर्षांचा आणि डांबर तापलेलं. फुटणारच. आम्ही नशिबाला दोष देत होतो. नशिबाचा त्यात भाग थोडा होता.

हवेचं सांगते. टायरच्या बाजूवर हवेचा एक आकडा असतो, तो जास्तीत जास्त किती चालेल त्याचा. तेवढी भरायची नसते. आपल्या गाडीला किती लागते, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरला वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. लांबून पळवून आणलेल्या गरम टायरमध्ये हवा फुगलेली असते, आकडा जास्त दिसतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. मागताना संकोच करू नका.

टायरची झीजही बोलते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत, तर हवा कमी राहते आहे. मधला भाग झिजला तर हवा जास्त आहे. एकाच बाजूची कड झिजली तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे. नक्षीच्या खाचांत मध्ये मध्ये रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खाच फक्त १.६ मिलिमीटर उरली. टायर गोटा झाला, बदला. पावसात टायरखालचं पाणी या खाचांतूनच बाजूला जातं. खाच नसेल तर टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग ब्रेक कितीही दाबा, गाडी ऐकत नाही.

आणि स्टेपनी. ही स्टेपनी कुठून आली ठाऊक आहे? वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी रस्त्यावरच्या कारखान्यात १९०४ मध्ये जादा चाक बनवायला सुरुवात झाली, त्या रस्त्याचं नाव आपल्या तोंडी बसलं. आमच्या गाडीत स्टेपनी होती, पण त्या दिवशी तिच्यात हवाच नव्हती. चार टायर बघताना पाचवा विसरू नका. चाक बदलायचं तर गाडी सपाट जागी घ्या, हातब्रेक लावा, दुसऱ्या चाकांना दगड लावा, नट जॅक चढवायच्या आधी थोडे सैल करा. बसवताना नट समोरासमोरचे आवळा. आणि चालत्या गाडीचा टायर फुटला तर ड्रायव्हरने ब्रेकवर उभं राहायचं नाही. स्टिअरिंग घट्ट धरून, एक्सलेटरवरचा पाय काढून गाडी हळूहळू थांबू द्यायची.

आता दुसरी नोंद. प्रदर्शनाची तयारी उरकून रात्री राजूरकडे परत येत होतो. विठा घाटात गाडीचे पुढचे दोन्ही दिवे एकदम गेले. काळोख मिट्ट, पुढे वळण. आमच्या ताईंचा भाचा गाडी चालवतो, त्याने प्रसंगावधान राखून गाडी कडेला घेतली. तासभर आम्ही मोबाइलची बॅटरी दाखवत उभ्या होतो, मागून येणाऱ्या गाडीने उडवू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने ‘वायरिंग जळलं होतं’ सांगून २,८०० रुपये घेतले. आम्ही दिले. विचारायचं काय, हेच माहीत नव्हतं.

दोन महिन्यांनी गाडीत जळका वास यायला लागला. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने फ्यूजचं झाकण उघडलं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली होती. तिच्यापुढच्या वायरचं आवरण वितळून चिकटलं होतं. तो म्हणाला, “अजून चार दिवसांनी गाडी पेटली असती.” आमच्यासोबत तेव्हा कुणाकुणाची लेकरंही असायची. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मैत्रिणींनो, फ्यूज म्हणजे कुकरचा सेफ्टी वॉल्व्ह. आत दाब वाढला की तो स्वतः जातो आणि कुकर वाचवतो. तो गेला म्हणून त्या भोकात आपण खिळा ठोकतो का? पण फ्यूजच्या जागी तार आपण बिनदिक्कत बांधतो. गाडीतच कशाला, घरच्या मीटरजवळही बांधतो. मग वीज जास्त वाहिली की फ्यूजऐवजी वायर जळते.

गाडीचे फ्यूज एका डबीत असतात. एक डबी बहुधा स्टिअरिंगखाली, दुसरी बॉनेटमध्ये बॅटरीजवळ. झाकणावर कोणता फ्यूज कशाचा याचा तक्ता असतो. फ्यूज नखाएवढे, रंगीत प्लॅस्टिकचे. रंगावरून ताकद कळते. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. आकडाही त्यावर लिहिलेला असतो. हॉर्न, वायपर, दिवे यांपैकी एखादी गोष्ट अचानक पूर्ण बंद पडली तर आधी तिचा फ्यूज बघा. काही गाड्यांत पेट्रोलच्या पंपाचाही फ्यूज असतो. तो गेला तर स्टार्टर फिरतो, पण गाडी चालू होत नाही.

तपासणं सोपं आहे. चावी बंद करा. डबीत एक छोटा चिमटा असतो, त्याने फ्यूज सरळ ओढा आणि उजेडात धरा. आतली तार तुटलेली किंवा काळी पडलेली दिसली तर फ्यूज गेला. त्याच आकड्याचा, त्याच रंगाचा नवा दाबून बसवा. निळ्याच्या जागी पिवळा नाही, तार नाही, चॉकलेटची चांदी तर मुळीच नाही. नवा फ्यूजही लगेच उडाला तर पुन्हा पुन्हा लावत बसू नका. कुठेतरी दोष आहे, इलेक्ट्रिशियनकडे जा.

आमचा दोष काय होता? गाडीचे मूळ बल्ब ६० वॉटचे, दोन मिळून १२०. बॅटरी १२ व्होल्टची. १२० भागिले १२, म्हणजे १० अँपिअर. १५ चा फ्यूज त्याला पुरेसा. पण भाच्याने १०० वॉटचे बल्ब टाकले आणि त्याच वायरवर ५५ वॉटचे दोन जादा दिवे जोडले. झाले ३१० वॉट, जवळपास २६ अँपिअर. घाटात सगळे एकदम लावले आणि फ्यूज उडाला. तो बिचारा आपलं काम करून गेला होता. आता मूळ बल्ब परत लावले आहेत. जादा दिव्यांना स्वतंत्र वायर, स्वतंत्र फ्यूज आणि रिले घेतला. भाच्याला आम्ही रागावलो नाही. त्यालाही हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता आमच्या गटाचा नियम असा आहे. दर सोमवारी सकाळी दोघी जणी पाचही टायरची हवा आणि नक्षी बघतात. पाळी सगळ्यांना आहे, जिला वाचता येत नाही तिलाही, कारण आकडे ओळखता येतात. प्रत्येक टायरची तारीख गाडीच्या वहीत लिहिली आहे. डबीत प्रत्येक रंगाचे दोन फ्यूज जादा आहेत, सगळे मिळून चहा-नाश्त्याएवढे पैसे. दुरुस्तीत काढलेला जुना भाग मागून घेतो आणि बिल घेतल्याशिवाय पैसे देत नाही. काकू सुरुवातीला म्हणायच्या, “आपल्याला काय कळतंय त्यातलं!” परवा नव्या टायरच्या दुकानात त्यांनीच तो दुखरा हात टायरवर ठेवला, चार आकडे वाचले आणि म्हणाल्या, “हा दोन वर्षांचा जुना आहे, दुसरा दाखव.” दुकानदाराने मुकाट्याने दुसरा काढला.

तेव्हा आज घरी किंवा गटाच्या बैठकीला जाल, तेव्हा दारातल्या गाडीपाशी एकदा बसा. टायरवरचे चार आकडे शोधा. फ्यूजची डबी उघडून तार कुठे बांधलेली नाही ना, बघा. दहा मिनिटांचं काम आहे. त्या गाडीत उद्या आपलीच माणसं बसणार आहेत.