माळरानावरील लपण

इंदापूर तालुक्यांतील कळंब हें गांव नीरा नदीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. नीरा डाव्या कालव्याचें पाणी जेथवर पोहोंचलें तेथवर उसाचे मळे पसरले, आणि त्याच उसाच्या बळावर शेजारीं वालचंदनगर उभें राहिलें. परंतु बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके मुळांत अवर्षणाचे. जेथें कालवा गेला नाहीं तेथें मुरमाड माळ, गुडघाभर कुसळी गवत आणि मधूनच एखादें हिवराचें किंवा बोरीचें झुडूप, एवढाच संसार. प्रवाशाला ही भूमि ओसाड वाटते. पण ती ओसाड नाहीं. चिंकारा, लांडगा, तरस, खोकड, माळटिटवी, चंडोल आणि पखुर्डी यांचें तें पिढीजाद घर आहे. बारामती तालुक्यांत सुपें येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालीं घोषित झालें तें मुख्यतः चिंकाऱ्यासाठीं. आणि इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीचा गवताळ माळही याच प्राण्यासाठीं प्रसिद्ध आहे.

या माळावर पाहणाऱ्याची एक मोठी अडचण असते. घनदाट अरण्यांत माणसाला झाडाआड उभें राहतां येतें. माळावर आडोसा कसला तो नाहीं. माणसाला चिंकारा दिसण्यापूर्वीं चिंकाऱ्याला माणूस दिसतो, आणि मग पाहणाऱ्याच्या वांट्याला येते ती केवळ पळत्या पाठीची झलक. या अडचणीवर माणसानें फार जुन्या काळीं जो उपाय काढला त्याचें नांव लपण.

कळंबच्या शेतकऱ्याला लपणाचा एक भाऊबंद चांगला ठाऊक आहे. तो म्हणजे जोंधळ्याच्या शेतांतील माळा. पण दोहोंचा धर्म अगदीं उलट. माळ्यावरील राखणदार गोफण घेऊन आरोळी ठोकतो, कारण त्यानें पाखरांना दिसलें पाहिजे. लपणांत बसणाऱ्यानें मात्र दिसतां कामा नये.

लपण ही मूळ शिकाऱ्याची विद्या. फासेपारधी शिकवून तयार केलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडून हळूहळू चालत तित्तिरांच्या जवळ जात असत. चरणाऱ्या गुराला रानांतील पाखरूं भीत नाहीं, हें त्यांनीं अचूक हेरलें होतें. पुढें १९०० च्या सुमारास इंग्लंडांत रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनीं मेलेल्या बैलाचें कातडें सांगाड्यावर चढविलें आणि त्या पोकळ बैलाच्या पोटांत कॅमेरा घेऊन बसून पक्ष्यांचीं छायाचित्रें काढलीं. एकाच्या हातांत फांसा, दुसऱ्याच्या हातांत कॅमेरा. युक्ति मात्र एकच.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी घातली. चिंकारा त्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे, आणि त्या अनुसूचींतील प्राणी मारणाऱ्यास तीन ते सात वर्षांचा कारावास होऊं शकतो. कायद्याच्या व्याख्येंत शिकार म्हणजे केवळ बंदूक झाडणें नव्हे. अंडीं आणि घरटीं यांना उपद्रव देणें हेंही तींत येतें. म्हणून आजचें लपण हें पाहण्यासाठीं, मोजण्यासाठीं आणि टिपणें घेण्यासाठींच असावयाचें. तेंही खासगी रानांत मालकाच्या संमतीनें आणि वनखात्याच्या हद्दींत खात्याच्या परवानगीनेंच उभारावें.

लपणाला पैसा फारसा लागत नाहीं. ऊसतोडणीनंतर कळंबच्या शिवारांत पाचटाचे ढीग पडलेले असतात. जुनें गोणपाट, चार बांबू आणि सुतळीचें एक बंडल मिळालें कीं सामग्री पुरी झाली. चार फूट लांब आणि चार फूट रुंद अशा जागेच्या चार कोपऱ्यांवर हातभर खोल खळगे खणून बांबू उभे करावे. जमिनीपासून साडेचार फुटांहून उंची अधिक नसावी, कारण सपाट माळावर उंच वस्तु दुरून खटकते. बांबूंना वरती, मध्यें आणि तळाशीं आडव्या काठ्या बांधाव्या. त्यांवर गोणपाट ताणून घ्यावें, आणि बाहेरून पाचटाच्या किंवा वाळल्या गवताच्या पेंढ्या बुंधा खालीं व शेंडा वर अशा दाट बांधाव्या. ताज्या हिरव्या फांद्या मात्र लावूं नयेत; दोन दिवसांत त्या सुकून रंग बदलतात आणि उगाच झाडहि मोडतें. सुटें राहिलेलें कापड वाऱ्यानें फडफडूं लागलें, तर एवढे श्रम व्यर्थ जातात. म्हणून प्रत्येक टोंक सुतळीनें आवळावें.

पाहण्याची फट बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवावी. आठ अंगुळें उंच आणि वीतभर रुंद एवढी ती पुरे. नवशिके चुकतात ते येथेंच. फटीच्या समोरच्या भिंतींतून उजेड आंत येत असेल, तर आंतील माणसाची काळी आकृति बाहेरून स्पष्ट दिसते. म्हणून मागील बाजूस आंतून एखादें गडद कांबळें टांगावें, आणि एका वेळीं एकच फट उघडी ठेवावी. आंत काळोख असेल तरच बाहेरच्याला आंतला दिसत नाहीं.

जागा निवडतांना वारा आणि सूर्य या दोघांचा सल्ला घ्यावा लागतो. पक्ष्याला वासाचें फारसें भय नाहीं. पण लांडगा आणि चिंकारा वाऱ्यावरून माणूस ओळखतात. उन्हाळ्यांत या भागांत वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. लपण पाणवठ्याच्या पूर्वेस असेल, तर माणसाचा वास पाण्याकडे जात नाहीं, आणि सकाळचें ऊनही पाठीशीं राहून समोरचें सर्व उजळ दिसतें. तरीही चिमूटभर माती हवेंत सोडून दररोज खात्री करून घ्यावी.

लपण एका दिवसांत उभें करूं नये. पहिल्या दिवशीं नुसता सांगाडा, दुसऱ्या दिवशीं गोणपाट, तिसऱ्या दिवशीं पाचट, आणि मग दोन दिवस तिकडे फिरकूंसुद्धां नये. प्राण्यांना त्या नव्या ढिगाची संवय झाली म्हणजेच आंत बसावें. आंत जातांना दोघांनीं जावें आणि एकानें उघडपणें परत निघून जावें, असा जाणत्यांचा परिपाठ आहे. पक्षी बहुधा अशी मोजदाद ठेवीत नाहीं. माणूस गेला एवढेंच त्याला दिसतें आणि तो निश्चिंत होतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वैशाख महिन्यांत माळावरील एकेक पाणवठा शेंकडों जिवांचा आधार असतो. चिंकारा पाल्यांतील ओलाव्यावर पुष्कळ दिवस काढूं शकतो. पखुर्डीला तें साधत नाहीं. ती कोरडें बीं खाणारी असल्यामुळें सकाळीं ऊन वर आल्यावर थव्याथव्यानें पाण्यावर उतरते. तिच्यांतील नर पाणी पितो आणि नंतर पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवितो. तीं पिसें स्पंजासारखीं पाणी धरून ठेवतात. तो भिजलेल्या अंगानें कित्येक मैल उडत जातो, आणि उघड्या माळावरील पिलें त्याच्या पिसांतून चोंचीनें पाणी शोषून घेतात. मीड-वाल्डो या इंग्रज गृहस्थानें पाळलेल्या पखुर्ड्यांत ही रीत पाहून १८९६ सालीं ती प्रसिद्ध केली. अनेक पंडितांनीं तिच्यावर विश्वास ठेविला नाहीं. शेवटीं १९६७ सालीं केड आणि मॅक्लीन यांनीं कालाहारीच्या वाळवंटांतील पाहणीवरून ती खरी असल्याचें दाखवून दिलें.

या एका हकीकतीवरून लपणाची जबाबदारी ध्यानांत यावी. लपण पाण्याच्या अगदीं कांठावर बांधलें, आंतील माणूस खोकला, किंवा फटींतून कॅमेऱ्याची कांच एकाएकीं हलली, तर थवा पाण्याला न शिवतां उडून जातो. पाहणाऱ्याचें नुकसान एका छायाचित्राचें; पण दूर कोठें तरी गवताच्या आडोशाला बसलेलीं पिलें त्या सकाळीं तहानलेलीं राहतात. त्यांचें ओरडणें लपणांत ऐकूं येत नाहीं. म्हणून लपण पाण्यापासून निदान पन्नास पावलें दूर असावें, आणि प्राण्यांच्या नेहमींच्या पायवाटेवर तें कधींही नसावें. उजाडण्यापूर्वीं आंत जावें आणि पाण्यावर कोणी नसेल तेव्हांच बाहेर पडावें, मग त्यासाठीं भर दुपारपर्यंत बसावें लागलें तरी हरकत नाहीं. थवा दोनदां घिरट्या घालून परत फिरला, तर दोष लपणाचा समजावा. दुसऱ्याच दिवशीं तें मागें सरकवावें अथवा मोडून टाकावें. घरट्याजवळ तर लपण बांधूंच नये. टिटवीचीं अंडीं उघड्या जमिनीवर असतात. ती उठून गेली कीं उन्हानें तीं अल्पावकाशांत भाजून निघतात.

काम संपल्यावर बांबू उपटावे, सुतळी गोळा करावी, खळगे बुजवावे आणि पाचट शेतांत परत न्यावें. कुजल्यावर तें खतच होतें. दुसऱ्या कोणा वाईट हेतूच्या माणसाला तयार आडोसा मिळूं नये, हाही त्यांत हेतु आहे.

जुना शिकारी लपणाची किंमत किती जनावरें पडलीं यावरून करीत असे. नव्या पाहणाऱ्याची कसोटी निराळी आहे. जनावर आलें, पोटभर पाणी प्यालें, आणि आपल्याला कोणी पाहिलें याची वार्ताही नसतां ज्या चालीनें आलें त्याच चालीनें निघून गेलें, तर तें लपण साधलें. चार बांबूंच्या आणि उसाच्या पाचटाच्या त्या खोपटांत बसून माणसाला आणखीही एक गोष्ट शिकतां येते: हा माळ माणसावांचूनही पुरा भरलेला आहे.