वीस शिलिंगांचा खटला



इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांचा झगडा शिकताना आपण लढायांच्या सनावळ्या पाठ करतो. पण झगड्याचे मूळ खजिन्यात होते. प्रजेकडून पैसा कोणाच्या संमतीने घ्यायचा?

पहिल्या चार्ल्सने १६२९ साली पार्लमेंट बरखास्त केले आणि ११ वर्षे बोलावलेच नाही. पैसा तर हवाच होता. तेव्हा त्याने 'जहाजपट्टी' हा जुना कर उकरून काढला. युद्धप्रसंगी बंदरांनी जहाजे पुरवावीत, एवढाच तिचा मूळ हेतू. चार्ल्सने १६३४ मध्ये ती शांततेच्या काळात किनाऱ्यावर बसविली आणि दुसऱ्याच वर्षी समुद्रापासून दूर असलेल्या परगण्यांवरही लादली.

बकिंगहॅमशायरचा जॉन हॅम्डेन मोठा जमीनदार होता. त्याच्या एका जमिनीवरील पट्टी अवघी २० शिलिंग. ती त्याला मुळीच जड नव्हती. तरी त्याने ती दिली नाही. १६३७ मध्ये १२ न्यायाधीशांपुढे खटला उभा राहिला. राज्यावर संकट आहे की नाही हे राजानेच ठरवायचे, असा सरकारपक्षाचा दावा. मग संकट सांगणारा आणि पैसे घेणारा एकच झाला! निकाल लागला ७ विरुद्ध ५. हॅम्डेन हरला. परंतु ज्या राजाने नेमले, जो पदावरून काढू शकत होता, त्याच्याविरुद्ध पाच न्यायाधीशांनी मत द्यावे, ही साधी गोष्ट नव्हे. त्यांतील काहींनी तांत्रिक मुद्द्याचा आडोसा घेतला हे खरे. क्रोक आणि हटन मात्र मूळ तत्त्वावरच उभे राहिले. मला स्वतःला हॅम्डेनपेक्षा हे दोघे अधिक धैर्यवान वाटतात.

स्कॉटलंडच्या युद्धाने खजिना रिता झाला, तेव्हा १६४० साली राजाला पार्लमेंट बोलवावेच लागले. पुढच्याच वर्षी त्याने जहाजपट्टी बेकायदा ठरविली. ४ जानेवारी १६४२ रोजी राजा सशस्त्र शिपाई घेऊन हॅम्डेनसह पाच सभासदांना पकडण्यास कॉमन्स सभागृहात शिरला. ते आधीच निसटले होते. कुठे आहेत, असे विचारताच सभापती लेंथॉल यांनी गुडघे टेकले, पण सभागृहाच्या आज्ञेवाचून काही सांगण्यास नकार दिला.

पुढे यादवी झाली. १६४३ मध्ये हॅम्डेन लढाईतील जखमांनी मरण पावला, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. पार्लमेंटचा कैवारी क्रॉमवेल याने १६५३ साली शिपाई आणून तेच पार्लमेंट हाकलून दिले, हेही विसरू नये! पार्लमेंटच्या संमतीविना कर नाही, हे कायद्यात पक्के व्हायला १६८९ साल उजाडले. आपल्या राज्यघटनेचे २६५ वे कलमही कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवू देत नाही.

आजही अधिवेशनाच्या उद्घाटनाला इंग्लंडचा राजा लॉर्डांच्या सभागृहातच थांबतो. त्याचा निरोप्या कॉमन्सकडे येताच दार त्याच्या तोंडावर बंद केले जाते. हातातील काळ्या दंडाने त्याने तीनदा ठोठावले, की मग ते उघडतात.