जुनी स्पोर्ट्स कार आणि आपलं पार्किंग

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आधी मधुमेह झाला, मग मृत्युपत्र झालं. मला कमिटीने सांगितलं, "तुम्ही त्या लाल गाडीवर बोला." पार्किंगच्या कोपऱ्यातली ती बुटकी, दोन सीटची, कापडी टपाची गाडी सगळ्यांना ठाऊक आहे. बच्चेकंपनी तिला 'फेरारी' म्हणते. फेरारी नाही हो! ती सॅन स्टॉर्म, आपल्या शेजारच्या गोव्यात बनलेली. बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. म्हणजे साध्या हॅचबॅकएवढंच. माझी गाडी २००१ची, सोसायटीच्याच वयाची. १५ वर्षं झाली की गाडीच्या नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिटही दर ५ वर्षांनीच. दोघींची मुख्य तक्रारही एकच, पावसाळ्यात गळती.

मी मेकॅनिक नाही. जन्म बँकेत गेला. पण बँकेत एक सवय लागते: ताळा जुळत नसेल तर एकेक नोंद तपासायची, सगळं वहीखातं फाडायचं नाही. जुन्या गाडीचं तेच. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, आणि फुकटातली आधी.

गेल्या वर्षी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येत होता, आठवतं? सगळ्यांची नजर साहजिकच माझ्या गाडीकडे वळली. काहींनी तर "ती गाडी बाहेर रस्त्यावर लावा" असंही म्हटलं. त्यांचं चुकलं नाही. आपलं पार्किंग स्टिल्टमध्ये आहे. त्या वासाच्या डोक्यावर आपली सगळ्यांची घरं झोपलेली असतात. मी वॉचमनला सोबत घेतलं आणि रात्री संशयित गाड्यांखाली पुठ्ठे पसरले. पुठ्ठा फार बोलका असतो. काळपट तपकिरी डाग म्हणजे इंजिन ऑइल. हिरवा किंवा गुलाबी म्हणजे कूलंट. पिवळसर, बोटाला बुळबुळीत लागणारं ते बहुधा ब्रेक ऑइल, आणि ते दिसलं तर गाडी हलवायचीच नाही. स्वच्छ पाणी एसीचं, ते सोडून द्या. पेट्रोलचा मात्र डाग राहत नाही, उडून जातं. म्हणून तिथे पहाटे नाक लावावं लागतं. आम्ही लावलं. वास निघाला एका बंद पडलेल्या जुन्या स्कूटरचा. मालक परगावी, पेट्रोलचा कॉक उघडाच, कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई अडकलेली. पेट्रोल थेंब थेंब बाहेर. कॉक बंद केला, वास संपला.

पण त्या पहाटेनंतर मी माझ्या गाडीचे सगळे रबरी पेट्रोल पाइप तपासले. टॉर्च घेऊन पाइप हळूच वाकवून बघायचा. बारीक भेगा आधी क्लॅम्पच्या कडेला दिसतात. माझे पाइप गळत नव्हते, पण कडक झाले होते. आता तर पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. म्हणून इथेनॉल चालणारे, इंजेक्शनच्या दाबाचे नवे पाइप आणि नवे क्लॅम्प घातले. ते काम मी स्वतः केलं नाही, गॅरेजवाल्याकडून करून घेतलं. पेट्रोलचं काम इमारतीखाली करायचं नाही, हा माझा नियम आहे आणि तो कमिटीने ठराव करून सगळ्यांना लावावा, असं माझं मत आहे.

घरी काय करायचं मग? विजेचं काम. आणि फायबरच्या गाडीत ते भरपूर असतं! पत्र्याच्या गाडीत बॉडीच परतीच्या तारेचं काम करते. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर. आपल्या दमट हवेत तिच्या टोकाला गंज चढला की गाडी भुताटकीसारखी वागते: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, हेडलाइट लावला की हॉर्न बसतो. लोक बल्ब बदलतात, स्विच बदलतात. त्याआधी साधा मल्टिमीटर घ्या. २० व्होल्ट डीसीवर ठेवा, दिवा चालू करा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या अर्थिंगला लावा. आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा-पाऊण व्होल्ट दाखवला तर चोर सापडला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग बोल्ट सोडवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. माझ्या गाडीच्या निम्म्या तक्रारी अशा दहा रुपयांच्या पॉलिश पेपरने गेल्या आहेत.

त्याच मीटरने बॅटरीही कळते, आणि हे तुमच्या नव्या गाडीलाही लागू आहे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना १४च्या जवळपास हवी. नसेल तर बॅटरीला दोष देऊ नका, अल्टरनेटर बघा.

बाकी वेळापत्रकाची कामं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दोन वर्षांनी बदलायचं. टायमिंग बेल्ट रबराचा. गाडी फिरली नाही तरी तो म्हातारा होतो, आणि तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. टायरचंही तसंच. आजच खाली उतरल्यावर बघा, टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. आपल्या पार्किंगमध्ये नक्षी कोरी पण वय दहा वर्षं, असे टायर मी मोजलेत. किती ते सांगत नाही, मंडळी समोरच बसली आहेत.

आणि मुलांनो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जायचं नाही. खाली स्टँड हवेच. मी पाना हातात घेतला की तुम्ही जमता, मला आवडतंही, पण पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं राहायचं.

दर रविवारी सकाळी नऊला मी खाली असतो. मल्टिमीटर माझा आहे, गाडी तुमची आणा. स्कूटरवाल्यांनी येताना कॉक बंद आहे ना, तेवढं बघून यावं. आता प्रश्न विचारा. "विकणार का?" हा सोडून कोणताही.