मांडवांतील निवेदक

लग्नाच्या मांडवांत ज्याचा आवाज आरंभापासून अखेरपर्यंत सर्वांच्या कानीं पडतो, त्याचें नांव निमंत्रणपत्रिकेंत कोठेंहि छापलेलें नसतें. पूर्वीं हा आवाज उपाध्यायांचा असे. मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द ऐकतांच समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, अशी आख्यायिका महाराष्ट्रांत घरोघर सांगतात. मांडवांत उच्चारलेल्या एका शब्दाचें सामर्थ्य दाखविण्यास याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण. विधीपुरता तो अधिकार आजहि उपाध्यायांकडेच आहे. परंतु आदल्या रात्रीचें ‘संगीत’, हळदीचा गाजावाजा, सायंकाळचा स्वागतसमारंभ असा जो नवा पसारा अलीकडे विवाहाभोंवतीं वाढला, त्याचीं सूत्रें हातीं घेणारा एक स्वतंत्र इसम निर्माण झाला आहे. कोणी त्यास सूत्रसंचालक म्हणतात, कोणी निवेदक. तरुण मंडळी सरसकट अँकर म्हणतात. अनेक तरुण-तरुणींनीं हें काम आतां पोटाचा धंदा म्हणून पत्करलें आहे.

मराठी माणसाला ही भूमिका नवी नाहीं. नाटकांतला सूत्रधार आणि तमाशांतला सोंगाड्या हे तिचे पूर्वज होत. नभोवाणीनें तिला नवें वळण दिलें. १९५२ सालीं रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घरांघरांत पोंचला. लाखोंशीं बोलत असतांहि आपण एकट्याशींच बोलत आहोंत असा भास निर्माण करणें, ही त्यांची किमया होती. पुढें २००४ सालीं झी मराठी वाहिनीवर आदेश बांदेकर यांचा ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम आला. त्यांतला निवेदक व्यासपीठावर उभा न राहतां घराचा उंबरठा ओलांडून आंत गेला, ‘भावोजी’ झाला, आणि गृहिणीला पैठणी देऊन बाहेर पडला. ‘खेळ पैठणीचा’ या नांवानें आज जे कार्यक्रम गांवोगांव, चाळींत, नवरात्रांत आणि निवडणुकीच्या तोंडावर होतात, त्यांचा उगम या भावोजींच्या लोकप्रियतेंत आहे. लग्नांत बोलणाऱ्या पुष्कळ निवेदकांची चूल वर्षांतील उरलेले दिवस याच खेळावर पेटते.

उरलेले दिवस असें म्हणण्याचें कारण हें कीं, या धंद्याचा खरा मालक पंचांग आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. पुढें तुळशीचें लग्न लागल्यावर माणसांचीं लग्नें सुरू होतात, तों पौष आडवा येतो. गुरु-शुक्रांचे अस्त वेगळेच. मुहूर्ताचे दिवस मोजके आणि ते सर्वांचे एकच, त्यामुळें एका दिवसासाठीं चार घरचीं बोलावणीं येतात आणि पुढें चार महिने एकहि येत नाहीं. अधिक मास कोठें पडतो यावर तर संबंध वर्षाची मिळकत हेलकावे खाते. २०२३ सालीं तो श्रावणांत, म्हणजे चातुर्मासांतच पडला. कोणाचें फारसें बिघडलें नाहीं. २०२६ सालचा अधिक मास मात्र ज्येष्ठाचा, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईंतला. वैशाखांतील कमाई ज्यास भाद्रपदापर्यंत पुरवितां येत नाहीं, त्यानें हातची नोकरी सोडण्याची घाई करूं नये. गणेशोत्सव, नवरात्र, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचीं हळदीकुंकवें, शाळांचीं पारितोषिक-वितरणें आणि कंपन्यांचीं स्नेहसंमेलनें हीं सर्व सांभाळील तोच या व्यवसायांत टिकतो.

आरंभ बहुधा फुकटांतच होतो. महाविद्यालयाचें संमेलन, गल्लींतल्या मंडळाचा गणपति, मामेबहिणीचें लग्न. आकाशवाणीच्या केंद्रांवर स्वरपरीक्षा उत्तीर्ण होऊन नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम मिळालें, तर उच्चारांची आणि वेळेची शिस्त अंगीं बाणते. तिचा उपयोग जन्मभर होतो. पुढचीं बोलावणीं जाहिरातींतून कमी आणि मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक, मांडववाले, आचारी, छायाचित्रकार यांच्या शिफारशींतून अधिक येतात. आचाऱ्याला विचारल्यावांचून भोजनाची घोषणा करणारा निवेदक त्या कार्यालयांत पुन्हां सहसा दिसत नाहीं. बिदागी किती, विसार किती, मुहूर्त पुढें गेल्यास काय, हें आधीं लिहून घ्यावें. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें उघड्यावर रात्रीं दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो. सरकार वर्षांतून जे पंधरांहून अधिक नसलेले दिवस मध्यरात्रीपर्यंत मोकळे ठेवूं शकतें, ते लग्नघरासाठीं नसून सण-उत्सवांसाठीं असतात. पावणेदहा वाजतां वरपित्याला हें गोड शब्दांत पटवून देणें, हेंहि निवेदकाच्याच वांट्याला येतें.

खरें काम आदल्या दिवशीं होतें. दोन्हीं घरचीं नांवें, त्यांचे उच्चार, नातीं आणि मान हें सर्व विचारून घ्यावें लागतें. वरमायेचा उल्लेख राहिला तर एक वेळ सांवरतां येतें. मुलीच्या मामाचा राहिला तर तो पुढच्या पिढीपर्यंत सांगितला जातो. कोण नुकतें वारलें, कोणाचें कोणाशीं बोलणें नाहीं, वधूचे वडील हयात आहेत कीं काकांनीं तिला वाढविलें, हें ज्यास ठाऊक नाहीं तो कितीहि गोड गळ्याचा असला तरी धोकादायक होय. आणि सगळें जाणूनहि त्यांतलें बहुतेक बोलावयाचें नसतें. कन्यादान आणि सप्तपदी चालूं असतां ध्वनिक्षेपक खालीं ठेवावा. वधूच्या रंगावर, वराच्या टकलावर, हुंड्यावर विनोद करून हंशा मिळतो खरा. पण तो मिळविणाऱ्याला यजमानाच्या पैशानें यजमानाच्याच लेकीचा अपमान केल्याचें भानहि नसतें. असा विनोद ज्याच्या पोतडींत भरलेला आहे, त्याची पोतडी रिकामीच समजावी.

हळदीकुंकवाच्या आणि पैठणीच्या खेळांत तर याहून कठीण प्रसंग येतो. निवेदक उत्साहानें पहिल्या ओळींतील स्त्रियांना नवऱ्याचें नांव घ्यावयास सांगतो. उखाण्यामागून उखाणे येतात, टाळ्या पडतात, आणि मागच्या भिंतीशीं चारसहा जणी पदर सांवरून गप्प बसलेल्या असतात. त्यांना कोणीं हांकलेलें नसतें. खेळच असा मांडलेला असतो कीं त्यांत त्यांना जागा नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें विधवांचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढणें या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनेंहि इतर गांवांनीं तो कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें. ठराव कागदावर राहतो कीं मांडवांत उतरतो, याची परीक्षा अशा संध्याकाळीं होते, आणि त्या संध्याकाळीं ध्वनिक्षेपक निवेदकाच्या हातीं असतो.

उपाय अवघड नाहीं. खेळाच्या आरंभींच सांगावें कीं उखाणा ज्याच्या त्याच्या आवडीच्या नांवाचा. आईचा घ्या, लेकीचा घ्या, माहेरच्या नदीचा घ्या. ज्यांनीं आयुष्यभर यमकें जुळविलीं त्या साठीपुढच्या बायका मग तरुण सुनांना मागें टाकतात. मात्र ‘विधवा भगिनींनींहि यावें’ असें मोठ्यानें पुकारूं नये. तसें पुकारणें म्हणजे भरल्या सभेंत त्यांना वेगळें काढणें होय. निवेदकानें पायऱ्या उतरून, बोलत बोलत, पहिल्या ओळीशीं न थांबतां सरळ भिंतीपर्यंत चालत जावें. त्यासाठीं बिनतारी ध्वनिक्षेपक तेथवर पोंचतो ना, आणि त्याची बॅटरी भरलेली आहे ना, हें मात्र कार्यक्रमापूर्वीं तपासून ठेवावें.